मुक्काम पोस्ट बर्फ

जपानहून परत आल्यावर हॉस्टेलमध्ये मला तीनच प्रश्न विचारले गेले. बुलेट ट्रेनमध्ये बसलास का? तिकडे पगार किती देतात? आणि (हा रात्री अकरानंतर, दार लावून) ते लोक खरंच सगळे एकत्र, अंगावर काहीही न घालता अंघोळ करतात का? पहिल्याचं उत्तर, हो. दुसऱ्याचं, माझ्या दादाला विचारा. तिसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे, म्हणून हा लेख.

त्याचं झालं असं. सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी मी योकोहामाजवळ एका प्रयोगशाळेत होतो. दादा गेली चार वर्षं योकोहामातच सॉफ्टवेअरमध्ये. २०२५ च्या फेब्रुवारीत आई आणि आण्णा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आमच्याकडे आले. दादाने रजा टाकली आणि जाहीर केलं, "आपण सगळे स्कीइंगला जाऊ."

"म्हणजे काय रे?" आण्णा.

"पायाला फळ्या बांधून बर्फावरून खाली घसरायचं."

"आणि मग?"

"मग पाळण्यात बसून वर जायचं, परत घसरायचं."

आण्णा कराडजवळचे ऊसवाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "राहायची सोय तू बघ. तुला भाषा येते." माझी भाषा म्हणजे जपानीची खालून दुसरी परीक्षा, तीही काठावर पास. पण लहान भावाला घरात आणि ज्युनियरला हॉस्टेलवर नाही म्हणता येत नाही.

मला वाटलं होतं, स्वस्तातलं एक लॉज बघायचं, संपलं. बघायला बसलो तर सबमिशनच्या आदल्या रात्रीसारखी अवस्था झाली. एक हॉटेल, म्हणजे आपल्याला माहीत असलेलं, पलंगवालं. एक 'पेन्शन', ज्याचा पेन्शनशी काही संबंध नाही, ते नवरा-बायकोने चालवलेलं पलंगाचंच पण घरगुती लॉज. एक 'मिन्शुकु', म्हणजे कोकणात मिळतं तसं घरातल्या खोलीत राहणं. आणि सगळ्यांत मानाचं 'रियोकान', म्हणजे जुन्या पद्धतीची सराई. जमिनीवर तातामी चटया, बसायला बैठं टेबल, झोपायला गाद्या. त्या दिवसा कपाटात असतात आणि संध्याकाळी आपण जेवत असताना कोणीतरी येऊन अंथरून जातं.

पहिला धक्का दराचा. रियोकानचा दर खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. त्याला 'इप्पाकु निशोकु' म्हणतात, एक रात्र दोन जेवणं. आम्हांला जे परवडण्यासारखं वाटलं ते माणशी १९,००० येन. त्या वेळच्या हिशेबाने दहा हजार सहाशे रुपयांच्या घरात. आपल्या मेसचं तीन महिन्यांचं बिल, एका माणसाचं, एका रात्रीचं! जेवण नको असेल तर 'सुदोमारी' सांगायचं, म्हणजे नुसतं झोपायचं. ते बरंच स्वस्त पडतं. पण बर्फात संध्याकाळी आई-आण्णांना घेऊन जेवणाची जागा शोधत फिरणार कोण?

दुसरा धक्का, नियमांचा. तीन वाजल्यानंतर या, पण जेवणाच्या आत या. जेवण सहाला म्हणजे सहाला. सकाळी दहाला खोली सोडा. खोलीत बूट नाही. संडासाच्या चपला वेगळ्या, त्या बाहेर आणायच्या नाहीत. मी दादाला म्हटलं, "हे तर आपलं हॉस्टेलच आहे, फक्त रेक्टर वाकून नमस्कार करतो." हॉटेल तुम्हांला विचारतं, तुम्हांला काय हवं? रियोकान सांगतं, आमच्याकडे असं असतं. दिवसभर फळ्यांवर राहायचं असेल, रात्री उशिरा परतायचं असेल, तर हॉटेलच बरं. दारातून निघून थेट उतारावर, भाड्याच्या फळ्या तळमजल्यावर, ओले बूट वाळवायला गरम खोली, आणि बुफेत आपापलं वेचून खाता येतं. हे शेवटचं आईसाठी महत्त्वाचं. ती शाकाहारी. जपानी स्वयंपाकात साधं सूप म्हटलं तरी त्याचं पाणी सुकवलेल्या माशाचं असतं. वर मासा दिसत नाही, म्हणून वाढणाऱ्यालाही ते शाकाहारीच वाटतं.

म्हणून मी तोडगा काढला. पहिल्या दोन रात्री नागानोमधल्या शिगा कोगेनला, उताराच्या पायथ्याशी असलेल्या एका मोठ्या हॉटेलात. पुढच्या दोन नोझावा ओन्सेन या गावात, रियोकानमध्ये.

आणि इथे खरा पेच आला. आईच्या उजव्या हातावर, मनगटापासून वर चार बोटं, गोंदलेली तुळस आहे. वृंदावनासकट. लग्नाआधी तिच्या आत्याने गोंदणारणीपुढे बसवून काढून घेतली. मेल्यावर सोनंनाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आमच्याकडच्या बायका म्हणतात. जपानमध्ये मात्र गरम झऱ्यांच्या कितीतरी हमामांत गोंदणाला बंदी असते. कारण जुनं आहे. एके काळी तिथे गुन्हेगारांना शिक्षा म्हणून गोंदत. १८७२ मध्ये सरकारने गोंदणावरच बंदी घातली, ती १९४८ पर्यंत होती. पुढे अंगभर चित्रं ही याकुझा टोळ्यांची खूण झाली. २०१५ मध्ये सरकारच्या पर्यटन खात्याने पाहणी केली तेव्हा उत्तर दिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्के ठिकाणी गोंदणवाल्यांना प्रवेश नव्हता. त्याच्या दोन वर्षं आधी होक्काइदोमध्ये न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे परत पाठवलं होतं. चित्र कशाचं, कोणाचं, याला सूट नाही.

मी तीन रियोकानना पत्र लिहिलं. माझ्या जपानीत. 'माझी आई मासे खात नाही. माझ्या आईच्या हातावर लहान झाडाचं चित्र आहे. माझी आई गुंड नाही.' एकाने नम्रपणे नाही कळवलं. दुसऱ्याने कळवलं की गोंदणाचं चालेल, पण स्वयंपाक बदलता येणार नाही. तिसऱ्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सूप समुद्री शेवाळ आणि सुक्या अळंबीच्या पाण्याचं करू. हमामखान्याशिवाय एक 'काशीकिरी', म्हणजे घरच्या माणसांपुरती राखून घ्यायची न्हाणी आहे. आतून कडी लागते. चाळीस मिनिटं. वेगळे पैसे नाहीत. कृपया पाचच्या आत पोहोचा.

दादा ते वाचून माझ्यावरच उखडला. "हे सगळं लिहायची काय गरज होती? आई पूर्ण बाह्या घालते. आणि तिला यातलं एक अक्षर सांगू नकोस. पाणी फार कढत असतं, तिला सोसायचं नाही, असं सांगू." मी गप्प बसलो. आईला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, परक्या माणसांसमोर आईच्या हातावरून चर्चा होईल याचीच मला लाज वाटत होती. पत्रात मी 'लहान झाड' लिहिलं होतं. ती काही लहान नाही.

शिगा कोगेनला बर्फ मात्र काय वर्णावा! सायबेरियावरून येणारा कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतो आणि पहिला डोंगर भेटला की सगळं ओततो, हे पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्षात ते पाठीवर पडून अनुभवलं. १९९८ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या काही शर्यती या डोंगरांवर झाल्या. मी ज्या उतारावर पडत होतो तिथे चार वर्षांची मुलं रांगेत घसरत होती. थांबायचं कसं तर फळ्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि टाचा फाकवायच्या. घर्षण वगैरे सगळं मला येतं, व्हायव्हात दोन मार्क जास्त मिळाले होते. पायाला येत नव्हतं. आण्णा पाळण्यात बसून वर गेले, डोंगर बघितला, पाळण्यातच बसून खाली आले. म्हणाले, "झालं माझं."

संध्याकाळी आम्ही तिघे हॉटेलच्या हमामखान्यात गेलो. तर, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. होय, काहीही न घालता. पण पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मग कुंडात उतरायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. मी पाच मिनिटं टॉवेल धरून उभा होतो. आण्णा सरळ आत गेले. म्हणाले, "विहिरीवर काय घालून पोहायचास रे?"

आई खोलीत होती. दोन्ही दिवस. खिडकीशी बसून लोकांना घसरताना बघत, बुफेतून आणलेलं सफरचंद कापत. एवढ्या मोठ्या हॉटेलात तिला करण्यासारखं एकच काम होतं आणि ते आम्ही तिला खोटं सांगून बंद केलं होतं.

तिसऱ्या दिवशी बसने नागानो, तिथून बुलेट ट्रेनने इइयामा, मग परत बस. या शेवटच्या बसमध्ये आई माझ्या शेजारी होती. बाहेर दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. ती एकदम म्हणाली, "त्या लिफ्टजवळ पाटी होती. हाताचं चित्र, त्यावर नक्षी, आणि लाल काट."

मी काही बोललो नाही.

"पाणी कढत असतं म्हणे. आरं, लग्न होऊन आले ते गुऱ्हाळावर. चुलवाणापुढं हात भाजून घेतलेली बाई मी, मला कढत पाण्याची भीती घालता?" मग थोड्या वेळाने, "तुळशीला पण बंदी?"

मी तिला सगळं सांगितलं. गुन्हेगार, याकुझा, ५६ टक्के, माझं पत्र. 'माझी आई गुंड नाही' हे ऐकून ती हसली. "तसं पण चार बायकांत मी गेलेच नसते. मला न्हाय जमायचं. पण न जाणं माझं मी ठरवलं असतं." दादा पुढच्या सीटवर होता. त्याने मान वळवली नाही, पण कानात घातलेलं गाणं काढून ठेवलं.

नोझावा हे खरं तर गाव आहे, स्की नंतर आलं. गटारांतून वाफा येतात. गावात तेरा सार्वजनिक न्हाणीघरं आहेत, गावकरीच आळीपाळीने त्यांची देखभाल करतात आणि पाहुण्यांनाही ती फुकट असतात, बाहेर दानपेटी तेवढी. मध्यभागी 'ओगामा' नावाचं कुंड, पाणी जवळजवळ ९० अंशांचं. त्यात गावच्या बायका टोपल्यांतून भाजी उकडून नेतात. पाहुण्यांना आत सोडत नाहीत, कठड्याबाहेरून बघायचं. आईने बराच वेळ बघितलं.

"आपल्याला का सोडत नाहीत?"

"भाजेल म्हणून," दादा म्हणाला, आणि लगेच, "या वेळी खरंच."

इतकं हसलो आम्ही की ती भाजीवाली बाईसुद्धा वळून बघायला लागली.

रियोकानची मालकीण सत्तरीची असेल. तिला 'ओकामी' म्हणतात. आण्णांचे गुडघे बघून तिने न सांगता बिनपायाच्या पाठवाल्या खुर्च्या आणल्या आणि रात्री त्यांच्यासाठी गाद्या दोनावर दोन घातल्या. मी युकाता नावाचा तो झगा उजवी बाजू वर घेऊन नेसलो, तेव्हा ती धावतच आली आणि उलटा करून गेली. तशी उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात, हे दादाने नंतर सांगितलं. (हॉस्टेलमधल्या फोटोत मी तसाच उभा आहे, कृपया हसू नये.)

चहा ठेवताना तिची नजर आईच्या हातावर गेली. आईने बाही खाली ओढली नाही. ओकामीने मला विचारलं, कोणतं झाड? तुळस जपानीत कशी सांगणार? मी म्हटलं, देवाचं झाड. घरासमोर लावतात, रोज पाणी घालतात. ती "आ," म्हणाली आणि भिंतीवर उंच असलेल्या छोट्या लाकडी देव्हाऱ्याकडे बोट केलं. दोन्ही बाजूंना हिरव्या पानांच्या डहाळ्या होत्या. "साकाकी," ती म्हणाली. त्यांचं देवाचं झाड. आईने देव्हाऱ्याला हात जोडले. दोघींचं पुढे काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, कारण एक मराठीत बोलत होती, एक जपानीत, आणि दुभाष्याची गरज दोघींनाही वाटत नव्हती.

काशीकिरीची वेळ साडेआठची मिळाली. नाव ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे काशीच घडली म्हणायची." आतून कडी होती, तरी आण्णा युकाता सावरत दाराबाहेर स्टूल टाकून बसले. मी त्यांना म्हटलं, तुम्हीपण जा की, घरच्यांसाठीच आहे. ते लाजले. एकोणतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना पहिल्यांदाच लाजताना बघितलं. "बसतो इथंच," म्हणाले.

चाळीस मिनिटं झाली. पंचेचाळीस झाली. दादा घड्याळ बघायला लागला. आतून पाण्याचा आवाज येत होता, मधूनच आई काहीतरी गुणगुणत होती. पन्नासाव्या मिनिटाला कडी निघाली. आई लाल झाली होती, केस ओले, बाह्या कोपरापर्यंत वर.

"सकाळची वेळ पण लिहून ठेव म्हणावं," ती मला म्हणाली. "आणि विचार, खरंच वेगळे पैसे नाहीत ना?"