गोळी सुटल्यानंतर... हार्त्सच्या जंगलात

डाचशुंड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कोथरूड नाहीतर ठाण्याच्या एखाद्या सोसायटीत संध्याकाळी लिफ्टमधून उतरणारा, बिस्किटं खाऊन गोल झालेला, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेला लाडोबा. बरोबर ना? जर्मनीत मात्र या लाडोबाला चक्क नोकरी आहे. 'डाक्स' म्हणजे बॅजर, 'हुंड' म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात घुसणं हे त्याचं मूळ काम. दुसरं काम मला हॅनोव्हरमध्ये कळलं. जखमी हरणाचा माग काढणं!

हॅनोव्हरला माझा कॉलेजातला मित्र ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आहे. ''म्युझियम काय, कुठेही बघशील. चल, तुला आमच्या शेजारच्या काकांकडे नेतो,'' असं म्हणून तो मला ट्रेनने गोस्लारला घेऊन गेला. तिथे त्याच्या वीकेन्डच्या भाड्याच्या घराशेजारी हे काका राहतात. रिटायर्ड फॉरेस्टर, वय सत्तरीकडे झुकलेलं. काका हे अर्थात आपण ठेवलेलं नाव. तिकडे एवढ्या मोठ्या माणसाला आडनावाने आणि आदरार्थीच हाक मारतात. गोस्लार म्हणजे हार्त्स डोंगराच्या पायथ्याचं जुनं, देखणं गाव. लाकडी चौकटींची घरं, शेजारी राम्मेल्सबर्गची खाण. दोन्ही मिळून १९९२ पासून वर्ल्ड हेरिटेज. पण फोटो काढून झाले की मागे वळून डोंगर बघा. २०१८ पासूनचे कोरडे उन्हाळे आणि खोडकिडा यांनी इथलं स्प्रूसचं जंगल उभंच्या उभं वाळवलंय. मैलोन् मैल करड्या काठ्या. खाली आडवी पडलेली खोडं, आणि त्यांतून आपल्या करवंदीच्या जाळ्यांसारखी माजलेली ब्लॅकबेरी. हेच काकांचं आणि त्यांच्या कुत्रीचं ऑफिस.

आता तुम्ही म्हणाल, शिकार? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार म्हटलं की थेट कोर्टच आठवतं! तिकडे ती कायदेशीर आहे, पण परवान्याची परीक्षा इतकी कडक, की लोक तिला 'हिरवी बारावी' म्हणतात. तरीही परवानेवाले चार लाखांहून जास्त आहेत. हरणं रोपं खातात, त्यांना खाणारा लांडगा शंभरेक वर्षं जवळजवळ नव्हताच, आता कुठे २००० पासून पुन्हा पिल्लं दिसू लागलीत, म्हणून संख्या आटोक्यात ठेवायची, असा त्यांचा हिशोब. तो मला पूर्ण पटला असं नाही. पण काकांचं काम सुरू होतं ते या वादाच्या पुढे. गोळी सुटून गेलीय, नीट लागलेली नाही, आणि एक जिवंत जनावर रक्त गाळत कुठेतरी अंधारात गेलंय. आता काय? जखमी जनावराचे हाल थांबवायलाच हवेत असं जर्मन शिकार कायदा सांगतो. आणि तिथे बंदुकीपेक्षा नाक लागतं.

काकांची कुत्री डाचशुंड नाही. ती हॅनोव्हरियन श्वाइसहुंड. लालसर तपकिरी, कपाळाला आठ्या, चेहरा मार्चएण्डच्या अकाउंटंटसारखा गंभीर. 'श्वाइस' म्हणजे साध्या जर्मनमध्ये घाम, पण शिकाऱ्यांच्या बोलीत रक्त. त्या बोलीत हरणाच्या डोळ्यांनाही डोळे म्हणत नाहीत, दिवे म्हणतात. या जातीचा क्लब १८९४ चा. १९१२ मध्ये म्युनिकला तिच्या हलक्या, डोंगरात चपळ अशा बव्हेरियन बहिणीचाही क्लब निघाला.

ट्रेनिंग पिल्लू अडीच-तीन महिन्यांचं असताना सुरू होतं. आधी आतड्याचा तुकडा गवतातून ओढत न्यायचा, शेवटी खाऊची वाटी. मग रक्ताचे थेंब. मग वळणं. मग माग काढायच्या आधी थांबायचं, दोन तास, पाच तास, एक रात्र. मोठ्या परीक्षेत किमान एक किलोमीटरची वाट असते, तिच्यावर जास्तीत जास्त पाव लिटर रक्त, आणि वाट किमान वीस तास जुनी. पाव लिटर म्हणजे आपला कटिंगचा दोन-अडीच ग्लास चहा, किलोमीटरभर थेंब थेंब!

गंमत म्हणजे कुत्रा फक्त रक्तावर जातच नाही. हरणाच्या खुरांच्या फटीत गंधग्रंथी असतात, त्यामुळे पावलागणिक वास उमटतो, आणि जखमी जनावराचा वास वेगळा येतो. म्हणून सरावासाठी बुटाच्या तळाला हरणाचे खूर बसवून ट्रेनर स्वतः जंगलातून चालतो. काकांच्या ओसरीवर असे बूट वाळत पडले होते. मित्राने घालून बघितले. दोन पावलांत आडवा!

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, रेड डिअरच्या माजाचा हंगाम. नर रात्रभर डरकाळ्या फोडत होते. हे आपल्या सांबराएवढं धिप्पाड हरीण. संध्याकाळी सातला काकांचा फोन वाजला. नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेर एका तरुण शिकाऱ्याने मादीवर गोळी झाडली होती, ती पडली नाही. काकांनी तीनच प्रश्न विचारले. केस कसले? रक्ताचा रंग? आणखी काही? फेसाळ, लालभडक रक्त म्हणजे फुप्फुस, गडद म्हणजे यकृत. इथे रक्त मळकट होतं आणि त्यात हिरवट चोथा. पोट. काका म्हणाले, ''जागेवर फांदी खोच आणि घरी जा. सकाळी येतो.''

सकाळी? मला राहवेना. ते जनावर रात्रभर तसंच? काका शांतपणे म्हणाले, ''आत्ता मागे लागलो तर ते कितीही लांब पळेल आणि कधीच सापडणार नाही. कोणी छेडलं नाही तर ते जवळच बसतं.'' तर्क बरोबर होता. झोप मात्र लागली नाही.

उजाडल्यावर निघालो. मला अट एकच: मागे राहायचं, तोंड बंद. कुत्रीच्या गळ्यात रुंद पट्टा, त्याला दहा मीटरचा चामडी दोर. फांदीपाशी ती मिनिटभर हुंगत राहिली, मग निघाली. पळत नाही हं! नाक जमिनीला, चाल एखाद्या फाइलवरून बोट फिरवावं तशी. दीडशे मीटरवर रक्त संपलं. शिकाऱ्याने डावीकडे दरी दाखवली. ''मी बघितलंय, तिकडे गेली.'' कुत्री उजवीकडे चढावर वळली. काका एक शब्द बोलले नाहीत, दोराच्या मागे चालू लागले.

पुढे ताज्या, धडधाकट हरणांची वाट आडवी आली. कुत्रीचं डोकं वर, शेपटी वेगळीच. काका जागच्या जागी उभे. ओरडणं नाही, ओढणं नाही. तिला शेवटच्या खुणेपर्यंत मागे नेलं, पुन्हा सोडलं. तीन फेऱ्या झाल्या. मग ती एका पानापाशी थांबली आणि नाक तिथेच ठेवलं. पानावर मोहरीएवढा तपकिरी डाग. कित्येक वर्षं नाकावर विश्वास ठेवायला शिकवतात ते कुत्र्याला नाही, दोर धरणाऱ्याला, असं मला तिथे वाटून गेलं.

सहाशे-सातशे मीटरवर ब्लॅकबेरीत दबलेलं गवत, ओलसर, गरम. आणि समोर खोडांमागे काहीतरी धडपडत उठलं. काकांनी पट्टा सोडला. भुंकणं लांब गेलं, मग एका जागी थांबलं. याचा अर्थ तिने जनावर रोखून धरलंय. काका एकटेच पुढे गेले. आम्ही उभे. भुंकणं, भुंकणं... आणि एक गोळी.

गोळी लागल्यापासून चौदा तास. मांस बहुधा टाकूनच द्यावं लागणार होतं. म्हणजे ही सगळी खटपट ना जेवणासाठी, ना शिंगांसाठी, मादीला ती नसतातच. काकांनाही याचे पैसे मिळत नाहीत, फार तर पेट्रोलचे. रानडुक्कर असेल तर कुत्र्याचं पोट फाटू शकतं, म्हणून तेव्हा तिला चिलखती जॅकेट घालतात.

काकांनी एक हिरवी डहाळी मादीच्या तोंडात ठेवली. याला म्हणतात 'शेवटचा घास'. दुसरी डहाळी रिवाजाप्रमाणे शिकाऱ्याच्या टोपीत जाते. तो माझ्याच वयाचा असेल, आयटीवाला वाटत होता. त्याने ती घेतली, टोपीत खोचली नाही, तिचा तुकडा मोडून काकांना दिला. काकांनी तो कुत्रीच्या पट्ट्यात अडकवला. कोणीच अभिनंदन केलं नाही.

''पुढच्या रविवारी ये,'' काका त्याला म्हणाले, ''खुरांचे बूट घालून वाट पाडायला माणूस हवाय.'' तो हो म्हणाला.

गाडीपाशी पोचतो तोच पुन्हा फोन. हायवेवर रो डिअरला कारने उडवलं होतं, भेकराएवढं छोटं हरीण, लंगडत शेतात गेलं म्हणे. जर्मनीत असे अपघात वर्षाला दोन लाखांवर होतात. काकांनी फ्लास्कमधली कॉफी तशीच बंद केली. कुत्री केव्हाच मागच्या दाराशी जाऊन उभी होती, पट्ट्यात डहाळी तशीच.