यस बाई!

पहिली-दुसरीच्या पोरांना इंग्रजी शब्द समजावून सांगण्यात काय अवघड आहे, असं मला नोकरीच्या सुरुवातीला अगदी मनापासून वाटायचं. कॅट म्हणजे मांजर, डॉग म्हणजे कुत्रा. झालं! महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं आणि आम्ही बरेचसे शिक्षक त्या पाचवीतल्या इंग्रजीवरच वाढलेले. शब्द, पुढे अर्थ, दहा वेळा लिहून आणा. घरात थोरल्या भावाची तर्खडकर भाषांतर पाठमाला होती, तीच आमची गीता. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे झेपतं, त्याला लिहितावाचता येत असतं. मी तीच रीत ज्यांना अजून ‘ळ’ धड गिरवता येत नव्हता, त्यांना लावली.

भिंतीवरचा तक्ता विकतचा. सुरुवातीला ॲपल, मध्ये इग्लू, शेवटाकडे झायलोफोन आणि यॉट. इग्लू समजावण्यात मी एक अख्खी तासिका घालवली. ‘बर्फाचं घर’ म्हटलं, तर आमच्या माणदेशातल्या पोरांना बर्फ ठाऊक तो जत्रेतल्या गोळ्याचा. एकीनं विचारलं, “बाई, वितळत नाही का ते?” मग मी ध्रुवाकडची थंडी, तिथले शिकारी, कुत्र्यांच्या गाड्या असं सगळं पुराण लावलं. “समजलं का?” “यस बाई!” त्या दिवशी वर्गातल्या एकालाही ‘डोअर’ येत नव्हतं आणि दार माझ्या पाठीमागे सताड उघडं होतं. तक्ता अक्षर लक्षात राहावं म्हणून असतो, अर्थ शिकवायला तो निघालेलाच नसतो. (झायलोफोनमध्ये तर एक्सचा नेहमीचा आवाजही नाही, ऐकू येतो तो झेडचा. तरी पिढ्यान्‌पिढ्या तो तिथं ठाण मांडून आहे.)

सगळ्यांत जास्त खंत वाटते ती ‘हॉट’ची. चहाचा कप आणून मुलांना बाहेरून बोट लावायला दिलं. चहा हॉट, दूध हॉट, तवा हॉट. आता तुम्ही सांगा, म्हटलं. एरवी तोंड न उघडणारा मागच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, ठेचा हॉट.” वर्ग हसला. मीही हसले, हे जास्त वाईट. “अरे, ठेचा कुठं गरम असतो? हॉट म्हणजे गरम.” तो खाली बसला. घरी शब्दकोश उघडला आणि चरकलेच. तिखटालाही इंग्रजीत सर्रास हॉटच म्हणतात. पोराचा चुलता पुण्यात हॉटेलात कामाला होता, त्याच्या तोंडून त्यानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की, याचं बरोबर होतं, बाईंचं चुकलं. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यानं हात वर केला नाही. चूक मी दुरुस्त केली, हसणं मात्र परत घेता आलं नाही.

एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द ठेवायचा, ही खोड तरीही लगेच सुटली नाही. ‘वेअर म्हणजे घालणे’ असं फळ्यावर लिहिलं. सदरा घालतात, टोपी घालतात, इथपर्यंत ठीक. मग एक मुलगी म्हणाली, “आई साडी नेसते.” दुसरा म्हणाला, “आबा फेटा बांधतात.” कुणाचे आजोबा चष्मा लावतात. इंग्रजीत या सगळ्याला वेअर चालतं आणि फळ्यावरच्या एका क्रियापदात ते मावत नाही. अखेर फळा पुसला. घरून एक जुनं लुगडं, टोपी, फेट्याचं कापड आणि काचा नसलेला चष्मा आणला आणि पोरांच्या अंगावर चढवला. ‘वेअर’ला मराठी प्रतिशब्द द्यायची गरजच पडली नाही.

अर्थात करून दाखवण्यातही मी घोळ घातलाच. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची पद्धत आम्हाला शिकवलेली: मुलांनी आधी ऐकावं, हातपाय हलवून ते करावं, बोलण्याची घाई नको. पद्धत नामी आहे. मी रोज म्हणायची, टच युवर हेड, टच युवर आइज, टच युवर नोज. पोरं झटपट करायची आणि मी खूश. केंद्रप्रमुख वर्गावर आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, “टच युवर नोज.” सगळ्या वर्गानं डोक्याला हात लावला! रोजची सुरुवात डोक्यापासूनच व्हायची ना. शिवाय मी बोलता बोलता स्वतःही करून दाखवायची, त्यामुळे पोरं ऐकत नव्हतीच, माझा हात बघत होती. तेव्हापासून दोन पथ्यं पाळते. क्रम रोज मोडायचा आणि शब्द ओळखीचा झाला की माझे हात मागे बांधायचे.

पुढे एका प्रशिक्षणात कोबिल्ड हा शब्दकोश चाळायला मिळाला. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तयार झालेला, पहिली आवृत्ती १९८७ची. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या या कोशात अर्थ तुटक न देता पूर्ण वाक्यात दिलेला असतो: तुम्ही अमुक केलं, म्हणजे असं असं होतं. लेकराला आई सांगते तसंच हे. तहान म्हणजे काय, असं विचारलं तर आई ‘पाणी पिण्याची इच्छा’ म्हणत नाही. ती म्हणते, “उन्हातून खेळून आलास की पाणी पाणी करतोस ना, ती.” मीही तसंच सांगू लागले. डब्यातली अर्धी भाकरी शेजारच्याला देतोस ना, ते शेअर. घंटा झाल्यावर दप्तर उचलायच्या आधी मी थांबा म्हणते ना, ते वेट. आणि ‘द’, ‘ऑफ’ यांचा अर्थ सांगायला जातच नाही. ते वाक्यात येतात आणि वाक्यातच मुरतात.

पोरं शाळेत येताना काय काय घेऊन येतात, तिकडे मात्र माझं लक्ष फार उशिरा गेलं. मोबाइल ‘फुल’ चार्ज होतो, एसटीत ‘हाफ’ तिकीट लागतं, ‘लास्ट’ बॉलवर ‘आउट’ होतात, रस्त्यात ‘साइड’ मागतात. यातला प्रत्येक शब्द अर्थासकट आधीच पक्का असतो. तांब्या भरला की फुल, भाकरी मोडली की हाफ, एवढंच पुढे सरकवायचं. एक सावधगिरी मात्र हवी. गावात ‘लाइट गेली’ म्हणजे वीज गेली. पुस्तकातला ‘लाइट’ कधी उजेड असतो, तर कधी हलका. असा शब्द पोरांच्या तोंडी आधीच आहे म्हणून गृहीत धरला की फसलोच.

पहिलीच्या वर्गावर नव्यानं येणाऱ्या शिक्षकांना आणि संध्याकाळी पोराला जवळ घेऊन बसणाऱ्या आईबापांना एक विनंती आहे. विकतचा तक्ता लावण्याआधी आठवडाभर एक वही जवळ ठेवा आणि मुलांच्या तोंडून येणारे इंग्रजी शब्द फक्त लिहून काढा. तुमच्या पहिल्या सत्राचा पाठ त्या वहीत तयार मिळेल.