मंजिरी

सासूबाईंच्या कोकणातल्या अंगणात चिऱ्याचे वृंदावन होते. त्यातली कृष्णतुळस कमरेएवढी वाढलेली, जांभळ्या देठांची. मुंबईला आमचे बिऱ्हाड झाले तेव्हा तिचेच एक रोप त्यांनी करवंटीत घालून माझ्या हाती दिले. "जप हो," एवढेच म्हणाल्या.

मी जपले, जरा जास्तच जपले. दोन्ही वेळा तांब्याभर पाणी घाली. गॅलरीत ऊन येई ते घटकाभर. रोप लांबोडके झाले, मंजिऱ्यांनी भरले. त्या खुडायला माझा हात धजेना. देवाच्या झाडाला नख कसे लावायचे? लिनियस नावाच्या स्वीडिश पंडितानेसुद्धा १७६७ साली तिच्या नावात 'सँक्टम', म्हणजे पवित्र, हा शब्द घातला. मग मी तर घरातली सून! आश्विनात पाने झडून नुसती काडी उरली.

दिवाळीला सासूबाई यायच्या होत्या. मी घाईघाईने बाजारातून रोप आणून त्याच कुंडीत लावले. ते निघाले हिरव्या पानांचे!

कार्तिक द्वादशीला ऊस उभा केला, चिंचा-आवळे ठेवले, अंतरपाट धरला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्याच्या काढ्यात घालायला पाने खुडताना त्यांनी कुंडीत बोट खुपसले. "चिखल केलास की गं. आमची काळी अशीच गेली ना?"

मी रडतच सारे सांगितले.

"अगं, वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही घालायचं. मुळं कुजतात. आणि तुरे खुडायचेच. बी धरू लागलं की झाडाचा जीव त्यात जातो. खुडलं की बाजूनं फुटतं."

मग त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली. आत घरच्या तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या होत्या. गावचे घर त्या बंद करून आल्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कळले. वृंदावन काही उचलून आणता येत नाही.

थंडी सरल्यावर आम्ही मंजिऱ्या तळहातावर चोळल्या. बी अगदी बारीक. (फालुद्यातला सब्जा तो वेगळा, तो हिच्या चुलतबहिणीचा.) वाळूत मिसळून पसरले, वर चिमूटभर माती भुरभुरवली, हाताने पाणी शिंपडले. दहाबारा दिवसांत कोंब दिसले. अकरा रोपे जगली.

पहिला तुरा आला तेव्हा मी सासूबाईंना हाक मारली.

त्या आतूनच म्हणाल्या, "तूच खूड."