नांगराची जोडणी आणि द्राक्षांचे क्रेट

कोल्हापूर

चि. शैला,


ट्रॅक्टरमागे फोर्क लावून द्राक्षांचे क्रेट उचलायच्या सांगाड्याचे तू पाठवलेले फोटो काल रात्री मोठे करकरून पाहिले. तू विचारलंस एवढंच, 'मामा, मागची प्लेट दहाची घेऊ की बाराची?' आणि खाली दाजींचा निरोप, 'लिफ्ट सोळाशे किलो उचलते, काळजी कसली!' त्या निरोपानं माझी झोप गेली. फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतेस आणि शेवटी करतेस आपल्याच मनाचं. विहिरीच्या मोटरच्या वेळी तेच झालं. म्हणून लिहितोय.

प्लेट दहा मिलिमीटरची पुरे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर संपलं. आता न विचारलेलं ऐक.

आधी शाबासकी. लिलावातून लोडरचे फोर्क उचललेस ते सरळ आहेत, वरची तिरकी कड कुठे वाकलेली नाही. ॲडाप्टरची प्लेट त्या कडेखाली नीट शिरते आणि खालच्या पाचरी खाचांत पुऱ्या उतरतात, हेही दिसलं. गुनिया लावून काम केलंयस, आक्का असती तर गावभर सांगत फिरली असती. या जातीचे लोडर निघाले तेही अशाच खटपटीतून. अमेरिकेत मिनेसोटातल्या केलर भावांनी १९५७ मध्ये आपल्या गावातल्या वर्कशॉपात तीन चाकांचं यंत्र जुळवलं, टर्कीच्या खुराड्यांतली घाण काढायला. तेव्हा घरी बनवतेयस म्हणून मी नाक मुरडणार नाही.

पण तिसरा फोटो. टॉप लिंकच्या भोकात पिन नाही, नट-बोल्ट आहे. त्याचे आटे बरोबर टॉप लिंक आणि कानाच्या पट्टीच्या सांध्यात आलेत, जिथे कातरण्याचा जोर बसतो तिथेच. आणि कानाची पट्टी एकच, वेल्ड एकाच बाजूनं. वर फुगीर दिसतोय, कडेला मात्र पट्टी खाल्ली गेलीय. स्लॅगसुद्धा झाडलेला नाही. हे तुझं काम नव्हे, त्या वेल्डिंगवाल्याचं आहे. त्याला म्हणावं, पावसाळ्यात उघडे पडलेले रॉड आधी वाळव.

तुला वाटेल मामा एका बोल्टवरून एवढा का चिडला. पोरी, ही ट्रॅक्टरमागची तीन बिंदूंची जोडणी हॅरी फर्ग्युसननं कशासाठी काढली? नांगरासाठी. पहिल्या महायुद्धात आयर्लंडच्या कृषी खात्यानं त्याला ट्रॅक्टरांच्या नांगरटीवर लक्ष ठेवायला लावलं होतं. त्या काळात नांगर मागे नुसता जोडून ओढायचे. फाळ दगडाला अडकला की मागची चाकं अडून राहायची, पुढची उचलायची आणि सगळं धूड चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचं. फर्ग्युसनची जोडणी बाजारात आली १९३६ च्या ट्रॅक्टरवर. तिची करामत अशी, की फाळ जमिनीत अडकला की टॉप लिंक दाबली जाते आणि तो दाब ट्रॅक्टरचं नाक खाली ठेवतो. ही मेहेरबानी मातीत फाळ असेपर्यंतच. हवेत क्रेटची थप्पी लटकवलीस की तीच टॉप लिंक दाबली न जाता ताणली जाते आणि नाक वर ओढते. ज्या जोडणीनं ट्रॅक्टर उलटायचा वाचवला, तिलाच तू उलट्या कामाला लावतेयस!

आता दाजींचे सोळाशे. तो आकडा लिंकच्या टोकाशी मोजलेला, आणि तुझी थप्पी टोकाशी कुठे असते? ट्रॅक्टर १९०० किलोचा धर, त्यातले ७६० पुढच्या चाकांवर. दोन आसांत १.९ मीटर. मागच्या आसापासून लिंकचं टोक ०.९ मीटर आणि क्रेटच्या थप्पीचा मध्य १.७ मीटर धर. वीस किलोचे पस्तीस क्रेट म्हणजे ७००, वर सांगाडा आणि फोर्क १५० किलोचे, पण त्यांचा मध्य आसाच्या जरा जवळ. हिशेब केला तर पुढच्या चाकांवरचे ७१० किलो गेले. उरले पन्नासेक! स्टेअरिंग हातात पिसासारखं फिरेल आणि ओढ्याकडच्या चढाला पुढची चाकं जमीन सोडतील. लिफ्ट मात्र तक्रार न करता उचलत राहील, म्हणून तर दाजींना धीर येतो. टॉप लिंकवरची ओढ १३०० किलोच्या घरात जाते, तीसुद्धा उभ्या ट्रॅक्टरवर. खड्ड्यात चाक आपटलं की किती, ते त्या बोल्टाला विचार.

म्हणून सांगाडा जितका आखूड करता येईल तितका कर. चॅनल चार बोटं कमी झाला तर तेवढं वजन पुढे सरकतं. क्रेट वीसच्या वर नकोत. पुढे वजनं लाव. नाकापुढे टांगलेलं शंभर किलो पुढच्या चाकांना सव्वाशेहून जास्त वाटतं. कान दोन कर, सोळाच्या पट्टीचे, मध्ये पिन.

फोर्क कलते करायला सिलिंडर लावायचं डोक्यात असेल तर थांब. ट्रॉली उचलायचा पाइप एकाच दिशेनं जोर देतो, परतीला ट्रॉली आपल्या वजनानं बसते. टॉप लिंकच्या जागी असं एकाच दिशेचं सिलिंडर चालत नाही. लिफ्टचंही तेच, वर ओढते पण खाली दाबत नाही. तेव्हा पुढेमागे बकेट बसवून माती खोदायचा विचारही सोड, ती मोकळं शेणखत भरण्यापुरती.

आणि दाजींची मान. क्रेटखाली फोर्क घालायचे म्हणजे दिवसभर मागे वळून रिव्हर्स. त्यांना नको बसवूस, आणि जावईबापूंना घाई फार. तूच चालव. पण खरी धास्ती वेगळीच आहे. मांडवाची तार ताणायला कुणीतरी म्हणणारच, 'ताई, जरा फोर्कवर घेऊन वर कर की.' मजूर असो, पोरं असोत, तू स्वतः का असेनास, फोर्कवर पाय ठेवायचा नाही. लिफ्टच्या तेलाचा एक सील गेला तर खाली यायला किती वेळ लागतो, हे तुला गोठ्यामागच्या रोटाव्हेटरनं दाखवलंय.

लोअर लिंकचे बॉल २२ चे आहेत की २८ चे, व्हर्नियरनं मोजून कळव, टॉप लिंकचं भोकही मोज. इथे उद्यमनगरात पिना करून घेतो, रविवारी एसटीनं पाठवतो. तोवर तो बोल्ट काढून टाक, नाहीतर दाजी 'जरा बघू तरी' म्हणून भरलेली थप्पी उचलतील.

तुझा,
नाना मामा