वर्राकाची लेखणी

दहाव्या शतकातील बगदादमध्ये वर्राक म्हणून एक व्यावसायिक असे. कागद विकणे, ग्रंथांच्या नकला करणे, त्या बांधून गिऱ्हाइकाला देणे ही सारी कामे त्याची. 987 साली ‘फिहरिस्त’ ही विख्यात ग्रंथसूची सिद्ध करणारा इब्न अल्-नदीम हा असाच एक वर्राक होता. या बाजारात नकलेमागे ग्रंथकर्त्याला काही मिळावे अशी रीत नव्हती. मोबदला मिळे तो नकलनविसाच्या श्रमांना. ग्रंथकर्त्याला भय असे ते पाठ भ्रष्ट होण्याचे आणि आपले नाव पुसले जाण्याचे. म्हणूनच शिष्याने ग्रंथ गुरूपुढे वाचून तो पुढे शिकवण्याची इजाजत घ्यावी, हा प्रघात पडला. 1505 साली निवर्तलेल्या सुयूतीने ग्रंथकार आणि चोर यांतील भेदावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. तिच्यातील चोर म्हणजे नकल करणारा नव्हे; दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर खपवणारा.

संगणकावरून ग्रंथ, गीत वा आज्ञावली विनापरवाना उतरवून घेणे इस्लामी नीतीला संमत आहे काय, हा प्रश्न या पूर्वपीठिकेवर उभा आहे. जुन्या फिक्हनुसार शिक्षापात्र चोरी म्हणजे सुरक्षित जागी ठेवलेली, ठरावीक मूल्याची वस्तू गुप्तपणे उचलणे. येथे तर मूळ वस्तू जागची हलतही नाही. पण चोरीची व्याख्या लागू पडली नाही म्हणून कृत्य हलाल झाले, हा तर्क लंगडा होय. परहक्क बळकावण्याला फिक्हमध्ये चोरीखेरीज इतर नावेही आहेत.

खरी अडचण ‘माल’ या शब्दापाशी येते. जुन्या हनफी आचार्यांना साठवता येईल अशी मूर्त वस्तूच माल वाटे. इतर तीन सुन्नी पंथ उपभोगालाही माल मानतात. उपखंडातील सुन्नी मुसलमान बहुतांशी हनफी असल्याने वाद येथे विशेष तीव्र झाला. देवबंदला घडलेले व पुढे कराचीला स्थायिक झालेले मुफ्ती मुहम्मद शफी यांनी ग्रंथस्वामित्वाचा हक्क अमान्य केला. त्यांचेच चिरंजीव मुहम्मद तकी उस्मानी यांनी, व्यापाराच्या रूढीने व कायद्याने मानलेला हक्कही मालच, असा उलट कौल दिला. फिक्ह हे गोठलेले शास्त्र आहे असे समजणाऱ्यांनी हे एक घर अवश्य पाहावे.

1988च्या डिसेंबरात कुवेत येथे भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखन व संशोधन यांवरील हक्कांना शरियतचे संरक्षण असल्याचा ठराव केला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेचा 2005चा फतवाही त्याच दिशेचा. सौदी अरबस्तानच्या स्थायी फतवा समितीने, मुसलमान आपल्या अटींना बांधलेला असतो या तत्त्वावर, मालकाने मनाई केलेल्या आज्ञावलीची नकल अमान्य ठरवली.

तरीही एक फट उरते, आणि तीच या वादातील सर्वांत मानवी जागा आहे. 2001 साली निवर्तलेले सौदी विद्वान इब्न उसैमीन यांनी व्यापारासाठी केलेली नकल निषिद्ध मानली. केवळ स्वतःच्या उपयोगासाठी केलेल्या नकलेबाबत मात्र दोष नसावा अशी आशा व्यक्त केली. ‘आशा’ हा शब्द मोठा सावध आहे. वैद्यकाचा ग्रंथ विकत घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला त्याचा आधार वाटेल, आणि ज्ञान दडवून ठेवणाऱ्याची हदीसने केलेली निर्भर्त्सनाही तो पुढे करील. त्याचे म्हणणे झिडकारण्याजोगे नाही. परंतु नवा चित्रपट फुकट पाहू इच्छिणाऱ्यानेही तीच हदीस उच्चारावी, हे अंमळ अतीच झाले. शिवाय दरबाराचा आश्रय संपला आहे. आजच्या लेखकाला विकल्या गेलेल्या प्रतीवाचून दुसरा खलिफा नाही.

अरबी धार्मिक पुस्तकांच्या प्रारंभीच्या पानावर बहुधा सर्व हक्क राखीव असल्याची सूचना असते. काही पुस्तकांवर मात्र, मुद्रणाचा हक्क प्रत्येक मुसलमानाला आहे, असे छापलेले आढळते. क्वचित त्याखाली अटही असते: मजकुरात फेरफार करू नये.