हायड्रोजन, बिबट्या आणि खोडद

वाकडेवाडीहून सुटलेली नाशिकची एसटी चाकणच्या चौकात अडकली, की गाडीत दोन तट पडतात. एक ड्रायव्हरला सल्ले देतो, दुसरा सरकारला. फेब्रुवारीची २८ तारीख होती, ऊन आत्तापासूनच चटके देत होतं आणि मी बायकांच्या अर्ध्या तिकिटावर खिडकीची जागा पटकावली होती. शेजारच्या मावशींनी मांडीवरची पिशवी सावरत विचारलं, "कुठं निघालात?"

"खोडदला."

"माहेर का?"

"नाही, दुर्बीण बघायला."

त्यांनी माझ्या आजूबाजूला पाहिलं. "आन् पोरं?"

विज्ञान दिनाला खोडदला पोरं जातात, शाळांच्या गाड्या भरभरून जातात. पन्नाशीची बाई एकटी तिथं काय करणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. खरं उत्तर मात्र एसटीत देण्यासारखं नव्हतं. मला विश्वाची भीती वाटते.

ही भीती पहाटे तीनला येते. स्वतःच्या मरणाशी माझं बरंचसं जमलं आहे. विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत, ते मुलीला सांगून ठेवलंय. आपण गेल्यावर मुलं असतील, त्यांची मुलं असतील, मराठी असेल, कुणीतरी तुकोबांची गाथा उघडून बसलेलं असेल, या हिशेबावर माणूस निवांत असतो. पहाटे तीनला हा हिशेब कुणीतरी पुढं ओढतं. सूर्य हळूहळू प्रखर होतो आहे. साधारण शंभर कोटी वर्षांत पृथ्वीवर समुद्र उरणार नाहीत. पाचशे कोटी वर्षांत सूर्यच फुगून लाल होईल. तोवर माणसं दुसरीकडं राहायला गेली असं धरलं, तरी सुटका नाही. विश्व पसरतंय, आणि १९९८ पासून हेही ठाऊक झालंय की हे पसरणं मंदावायच्या ऐवजी वेग घेतंय. दीर्घिका एकमेकींपासून लांब जात राहणार, तारे एकेक करून विझणार. मग गाथा वाचायला कुणी नाही, आणि ती कधीकाळी होती हे आठवायलाही कुणी नाही. इथं आलं की पोटात खड्डा पडतो आणि मी उठून पाणी पिते.

घरी सांगून पाहिलं. नवरा म्हणाला, "त्याला अजून वेळ आहे. गॅसचा नंबर लावलास का?" डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व तपासायला सांगितलं, ते खरंच कमी निघालं. गोळ्या झाल्या, विश्व होतं तिथंच राहिलं. एक मैत्रीण म्हणाली, अगं, आपण ताऱ्यांच्या धुळीपासून बनलोय, यात किती आनंद आहे! या वाक्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. एक तर धूळ असण्यात कसला आनंद, आणि दुसरं म्हणजे ते अर्धंच खरं आहे. आपल्या अंगातल्या अणूंपैकी निम्म्याहून जास्त अणू हायड्रोजनचे, आणि हायड्रोजन कुठल्याही ताऱ्यात शिजलेला नाही. तो विश्वाच्या अगदी सुरुवातीचा आहे. ताऱ्यांचं ते सरपण. आणि हे सरपण कमी पडत गेलं, असा हिशेब ज्या जागी मांडला गेला, ती जागा पुण्यापासून ऐंशी किलोमीटरवर आहे हे वाचल्यावर मला राहवेना. ज्याचं भय वाटतं ते निदान दिवसाउजेडी बघून यावं.

राजगुरुनगर, मंचर, कळंब. उसाच्या ट्रॉल्या, वळणरस्ते, कांद्याच्या चाळी. नारायणगावला उतरले तेव्हा अकरा वाजले होते. हे टोमॅटोचं गाव आणि तमाशाचंही, विठाबाई नारायणगावकरांचं. पाडव्याच्या सुमारास गावोगावचे पुढारी जत्रेसाठी फड ठरवायला इथल्या राहुट्यांवर येतात. एरवी मी इथं तासभर रेंगाळले असते, पण खोडदच्या वडापमध्ये दोनच जागा उरल्या होत्या आणि ड्रायव्हरच्या मते त्या चार होत्या.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव, मधे उसाची गर्द रानं, आणि एका वळणावर द्राक्षांच्या वर अचानक ती उभी राहिली. मी फोटो पुष्कळ पाहिले होते. फोटोत अँटेना पांढरी आणि भरीव वाटते. प्रत्यक्षात तिच्यातून आभाळ दिसतं. ४५ मीटर व्यासाची, आडवी ठेवली तर बऱ्यापैकी मोठं मंगल कार्यालय झाकून टाकील एवढी, आणि तरीही नुसती बारीक तारांची जाळी, दोरांनी ताणून वळण दिलेली. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही युक्ती. मीटरभर लांबीच्या लाटा पकडायच्या तर भरीव पत्रा लागत नाही. जाळीची भोकं लाटेपेक्षा पुष्कळ लहान असली की पुरे. वारा आरपार जातो, वजन कमी, पैसा कमी. अशा तीस अँटेना आहेत. चौदा इथं मधल्या चौरस किलोमीटरभरात आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या, गावांच्या शिवारांतून थेट पंचवीस किलोमीटरपर्यंत. तिसांनी मिळून एकच दुर्बीण, जीएमआरटी.

स्वरूप यांनी भारतातली अशी पहिली खटपट १९६० च्या दशकात कल्याणला केली, ऑस्ट्रेलियातून आलेल्या लहान लहान तबकड्या जोडून. मग उटी, मग हे. २०२० च्या सप्टेंबरात ते गेले. त्या वेळी वर्तमानपत्रांतून जे आलं ते त्यांच्या कामाच्या मानानं फारच थोडं होतं, असं माझं मत आहे.

फाटकावर मोबाईल बंद करायला लावतात. आत मांडव घातलेला, शाळांनी मांडलेले प्रयोग, ज्वालामुखी, ठिबक सिंचन, लिंबावर लागणारा दिवा. ऊन मी म्हणत होतं. एका अँटेनाच्या सावलीत संशोधन करणारी एक मुलगी विशीतल्या उत्साहानं समजावून सांगत होती, आणि समोर सातवी-आठवीची पन्नासेक पोरं खाली बसून चिक्की खात होती. मी त्यांच्या मागं बसले.

हायड्रोजनचा अणू, ती म्हणाली, शांत बसलेला असतानाही क्वचित एकदा २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. क्वचित म्हणजे एका अणूच्या वाट्याला कोटभर वर्षांतून एकदा. पण अवकाशात अणू इतके आहेत की लहरी सतत येत राहतात. लांबून आलेली लहर वाटेत ताणली जाते, कारण ती चालत असताना विश्वच पसरत असतं. जीएमआरटीनं पकडलेल्या एका दीर्घिकेची लहर निघाली तेव्हा २१ सेंटिमीटरची होती, खोडदला पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची. तिनं हातानं दोन्ही मापं दाखवली. लहर वाटेत होती सुमारे ८८० कोटी वर्षं. निघाली तेव्हा विश्वाचं वय ४९० कोटी होतं, आज ते १,३८० कोटी आहे. मधे आणखी एक दीर्घिका आडवी होती, तिच्या गुरुत्वाकर्षणानं लहर तीसेक पट ठळक झाली, म्हणून सापडली तरी.

मला हवं होतं ते पुढं आलं. एकेका दूरच्या दीर्घिकेचा हायड्रोजन मोजता येत नाही, खूण फार क्षीण असते. म्हणून २०२० मध्ये इथल्याच संशोधकांनी ७,६५३ दीर्घिकांच्या खुणा एकावर एक रचल्या. मला आमच्या सोसायटीतली भिशी आठवली. एकटीच्या शंभराला किंमत नसते, सगळ्यांचे एकत्र केले की फ्रीज येतो. या बेरजेतून दिसलं, की आठशे कोटी वर्षांपूर्वी त्या दीर्घिका धडाक्यानं तारे जन्माला घालत होत्या आणि त्यांच्याकडचा वायू त्या वेगानं जेमतेम शे-दोनशे कोटी वर्षं पुरला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही. ताऱ्यांचा जन्मदर घसरला. आज तो भरभराटीच्या काळाच्या साधारण दहावा हिस्सा आहे.

म्हणजे विश्वाची ऐन उमेद होऊन गेली. आपण उतरतीला जन्मलो. तीनच्या ठोक्याला ज्याची नुसती चाहूल लागायची, ते इथं कुणीतरी मोजून, त्रुटी काढून, छापून ठेवलेलं होतं. मी स्वतःच्या पोटाकडे लक्ष ठेवून होते. खड्डा पडतो का बघत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "मॅडम, मग संपत आलं का?"

"नाही रे," ती म्हणाली. "आपल्या आकाशगंगेत अजून वर्षाला सूर्याएवढे एक-दोन तारे होतात. आणि सगळ्यात छोटे तारे लाखो कोटी वर्षं जळतात."

"मग ठीक आहे," पोरगा म्हणाला आणि त्यानं चिक्कीचा कागद उलगडला.

मला नाही ठीक वाटलं, पण भ्यायलेही नाही. मी आकडे वहीत उतरवत होते आणि ४९० की ४८०, हे शेजारच्या मुलीला विचारत होते. भीतीला लागणारी फुरसत नव्हती.

मांडवातून निघताना एका फलकावर जयंत नारळीकरांचा फोटो दिसला आणि मी तिथं जरा जास्तच थांबले. शाळेत त्यांच्या विज्ञानकथा वाचूनच आमच्या पिढीचं आभाळ उघडलं. पण माझं त्यांच्याशी दुसरंही एक नातं आहे, स्वार्थाचं. फ्रेड हॉईल आणि त्यांनी ज्या स्थिर स्थितीच्या विश्वाची कड घेतली, त्याला आरंभ नाही आणि अंतही नाही. विश्व पसरतं, पण रिकाम्या जागेत नवं द्रव्य जन्मत राहतं, आणि सरपण कधी संपत नाही. माझ्यासारखीला याहून मोठा दिलासा कुठला? पण १९६५ मध्ये सगळ्या आभाळभर पसरलेलं मंद प्रारण सापडलं आणि बहुतेकांनी महास्फोट मान्य केला. गंमत अशी, की स्वरूप यांच्या उटीच्या दुर्बिणीनं दूरच्या रेडिओस्रोतांची जी मापं घेतली, तीही स्थिर विश्वाच्या विरुद्धच गेली, आणि नारळीकर तेव्हा त्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. नारळीकरांनी हट्ट सोडला नाही. १९९३ मध्ये सिद्धांताची नवी आवृत्ती मांडली, २०२५ च्या मे महिन्यात जाईपर्यंत महास्फोटाला प्रश्न विचारत राहिले. त्यांचे प्रश्न पुराव्याचे होते, माझी ओढ झोपेची. झोपेसाठी सिद्धांत निवडता येत नाही, एवढं त्या फलकापुढं मी मान्य करून टाकलं.

बाहेर पडून रस्त्यानं गावाकडं चालत निघाले. एका द्राक्षाच्या मांडवाखाली बायका पेट्या भरत होत्या. एकीनं हाक मारून बसवलं, घड दिला. "काय बघितलं, ताई?"

मी म्हटलं, "म्हणतात, एक दिवस सगळे तारे विझणार."

"आन् चंद्र?"

मी गडबडले. चंद्र कसा, कधी, हे मी कधी मनात आणलंच नव्हतं. त्यांना का हवं होतं ते मग कळलं. या आठवड्यात शेतीच्या मोटारींना लाईट रात्रीची. रात्री उसाला पाणी धरायला जायचं, आणि जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या राहतो. पिल्लंही उसातच होतात. नवरा पुढं बॅटरी घेऊन, ही मागं पत्र्याचा डबा वाजवत. चांदणं असलं तर सरीच्या टोकापर्यंत दिसतं. "अवसंला लई भ्या वाटतं," ती म्हणाली आणि माझ्या हातातला घड संपलेला पाहून दुसरा ठेवला. माझं भय तिच्या भयापुढं लहान ठरतं, असं मला वाटलं नाही. दोन्ही रात्रीचीच. फरक एवढाच, की तिनं दिवसा लाईट मिळावी म्हणून महावितरणच्या कचेरीवर मोर्चा नेला होता. मी मोर्चा कुठं नेणार?

परतीच्या वडापमध्ये टोपीवाले एक आजोबा समोर बसले होते. माझ्या हातातलं माहितीपत्रक पाहून त्यांचा पारा चढला. "ह्या दुर्बिणीनं आमची रेल्वे घालवली." पुणे-नाशिक रेल्वे या बाजूनं यायची होती. गाडीच्या विजेचा आणि यंत्रणांचा रेडिओ गोंगाट दुर्बिणीला सोसणार नाही, म्हणून मार्ग दुसरीकडून न्यायचं घाटतंय, आणि त्यावरून सगळा तालुका पेटलाय.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी वाद घालायला लागले. म्हटलं, "आजोबा, रेल्वे दुसऱ्या वाटेनं जाऊ शकते. ती लहर ८८० कोटी वर्षं चालून इथं येते, तिला दुसरी वाट नाही."

"आली ना? लिहून घेतली ना? मग झालं की."

"सगळ्या कुठं लिहून झाल्यात? आणि हे कायम ऐकू येणार नाही. विश्व पसरत पसरत दूरच्या दीर्घिका नजरेआड जाणार. पुढं कुणी दुर्बीण बांधली, तर त्याला आभाळात आपल्या घरच्या ताऱ्यांपलीकडं काही सापडायचं नाही. विश्व केवढं होतं, कधी सुरू झालं, त्याला कळायला मार्गच उरणार नाही. आपल्याला कळतंय ते आपण आत्ता आहोत म्हणून." माझा आवाज चढला होता. ज्या गोष्टीनं वर्षानुवर्षं माझी झोप उडवली, तिचीच वकिली मी आख्ख्या जीपसमोर करत होते.

आजोबांनी शांतपणे विचारलं, "हे बंद पडायला किती वर्षं हायेत म्हणता?"

"दहा-पंधरा हजार कोटी."

"मग पंचवीस-तीस वर्षं आमची रेल्वे पळू द्या की, बाई! टोमॅटो दुपारच्या आत मुंबईला पोचंल."

जीप हसली, मीही हसले. ड्रायव्हरनं आरशातून बघत सगळ्यांकडून वीस-वीस रुपये सुट्टे मागितले, आणि आजोबांनी नारायणगाव येईपर्यंत मला टोमॅटोचे गेल्या तीन हंगामांतले भाव तारीखवार ऐकवले.