सरकता फोन अन् 2008 चं सोयाबीन



काल रात्री आपल्या ग्रुपवर एकानं सोयाबीनच्या पानाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "कोणतं औषध मारू?" दहा मिनिटांत सात औषधांची नावं आली. मले माझा जुना सरकता फोन आठवला.

गोष्ट 2008 च्या खरिपाची. तोवर माझ्याकडं टॉर्चवाला नोकिया 1100 होता. रात्री ओलिताले जाताना टॉर्च कामी यायचा, धूळ बसली तरी बटणं चालायची, चार्जिंगचं तीन-चार दिवस पाह्याचं काम नाही. साळा पुण्याले नोकरीवर. राखीले आला अन् त्याचा वापरलेला फोन मले देऊन गेला. म्हणे, "भाऊजी, ह्याच्यात कॅमेरा हाय, गाणे हायेत. वावरात कामी येईन."

अंगठ्यानं वरचा भाग ढकलला की खट्ट आवाज अन् खालून बटणं बाहेर. दोन दिवस मी कोणाचा फोन आला नाही तरी उघड-बंद करत होतो. पारावर नेला तर ज्याच्या त्याच्या हातात. रंगीत पडदा, सव्वा मेगापिक्सेलचा कॅमेरा, मेमरी कार्डात मूर्तिजापूरहून भरून आणलेली गाणी. डवरणी करताना गाणी वाजली तर बैल पण खुशीत चालतात असं मले वाटे.

घरचीनं मात्र पहिल्याच दिवशी चूक दाखवली. "काहो, ह्याले रोज लाईन लागते. आपल्या गावात लाईन राह्यते कुठं?" भारनियमनाचे दिवस होते ते. दुसरी अडचण उन्हाची. वावरात पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, टोपीच्या सावलीत धरून पाहावं लागे. अन् मराठी मेसेज आला की नुसते चौकोन.

त्याच आठवड्यात सोयाबीनमध्ये धुऱ्याकडच्या दोन-चार तासांत पानं पांढरट दिसू लागली. नवा फोन हातात. उभ्यानंच वरून फोटो काढला अन् गाडीवर बसून कृषी केंद्रात गेलो. दुकानदारानं पडदा तिरपा करून पाहिलं. "भाऊ, रस शोषणारी कीड दिसते." औषध दिलं, मी मारलं. चार दिवस निर्धास्त.

पाचव्या दिवशी पाहिलं तर पानांच्या नुसत्या शिरा. सकाळी जाऊन अळी दिसत नव्हती. अंधार पडल्यावर जुना टॉर्चवाला फोन घेऊन गेलो. खाली वाकलो अन् अंगावर काटा आला. बोटाएवढ्या अळ्या, झाडाझाडावर.

दुसऱ्या दिवशी अकोल्याले, पंजाबराव कृषी विद्यापीठात. तिथल्या सरांपुढं मी मोठ्या ऐटीत फोन खट्टकन उघडला. त्यांनी फोटोकडं एकदा पाहिलं अन् विचारलं, "दादा, पान आणलं का?" नव्हतं आणलं. मग त्यांनी समजावलं. ही तंबाखूची पानं खाणारी अळी, स्पोडोप्टेरा. मादी पानाच्या खालच्या बाजूले पुंजक्यात अंडी घालते. बारीक अळ्या एकाच पानाखाली गोळा राहून हिरवा भाग खरवडतात, म्हणून पान जाळीदार, पांढरट दिसते. तेव्हाच ती पानं तोडून अळ्यांसकट नष्ट केली असती तर अर्धं काम झालं असतं. अळी मोठी झाली की दिवसा मातीत, पाल्यात लपते, अन् औषधाले लवकर दबत नाही.

माझ्या फोटोत पान होतं. अळ्या त्याच पानाच्या खाली होत्या.

त्या वर्षी ही अळी एकट्या माझ्या वावरात नव्हती, विदर्भ-मराठवाड्यात तिनं सोयाबीन खाल्लं. त्यानंतरच 2009-10 पासून राज्यात क्रॉपसॅप सुरू झाला, वावरात जाऊन किडी मोजून नोंदी ठेवायचा. पण माझे ते चार दिवस परत आले नाहीत. सोयाबीन नेहमीच्या निम्मंही झालं नाही. दुकानदाराले दोष देऊन काय करू? त्याच्यापुढं मीच अर्धी गोष्ट ठेवली होती.

फोनही फार टिकला नाही. काळ्या मातीची धूळ खाचेत बसली, मग सरकता सरकता आतली चपटी पट्टी तुटली अन् पडदा पांढरा झाला. आता डब्यात पडून आहे. नातू त्याची खट्ट-खट्ट करते.

आता सगळ्यांकडं त्याच्यापेक्षा दसपट चांगला कॅमेरा आहे. म्हणून ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याले विनंती. एक फोटो पानाच्या वरून, एक पान उलटं करून, एक पूर्ण झाडाचा, एक वावराचा. सोबत पेरणीची तारीख अन् आधी काय मारलं ते. दोन तासांच्या मधात कापड अंथरून झाडं हलवा, एक मीटरमध्ये किती अळ्या पडल्या ते मोजून लिहा. असं पाच-सात जागी करा. संध्याकाळी टॉर्च घेऊन एक चक्कर मारा.

अन् औषधाची नावं सांगणाऱ्यांनी आधी विचारा, "पान उलटं केलं का?"

काल फोटो टाकणाऱ्या भावाले मी तेच विचारलं. आज सकाळी त्याचा दुसरा फोटो आला, पानाच्या खालचा. अंड्यांचा पुंजका होता. औषध अजून मारलं नाही, पानं तोडणं सुरू आहे.